खंडेनवमीची काच

चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ एक खोल विवर आहे आणि त्याच्या तळाशी आजवर एकदाही ऊन पडलेलं नाही, ही गोष्ट दत्ताजी खराड्यांना काही केल्या पटत नव्हती. माणूस हट्टी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं काढलेला. स्वतःच्या मायक्रोमीटरवर मोजल्याशिवाय दुसऱ्याचं माप खरं मानायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"ऊन कुठं जात न्हाई व्हय?" ते विचारायचे. "आपल्या बोळात सुदीक घटकाभर येतंयच की."

"तिथं सूर्य डोक्यावर येतच नाही, आण्णा," त्यांची मुलगी सुनेत्रा सांगायची. "कायम क्षितिजाला टेकलेला. संध्याकाळी विहिरीत डोकावून बघा, ऊन काठावरच असतं आणि आत अंधार. तसं."

"मग त्या अंधारात माझ्या पोराला कशाला घातलाय?"

ह्याचं उत्तर साऱ्या जगाला ठाऊक होतं. जिथं ऊन नाही तिथं बर्फ टिकतो, आणि जिथं बर्फ आहे तिथं पाणी, हवा आणि रॉकेटचं इंधन मिळतं. तो बर्फ खणायला ज्या तिघांना तळाशी उतरवलं होतं, त्यांतला एक खराड्यांचा इंद्रजित. खोदकामाचा इंजिनिअर. लग्नाचा विषय काढला की "चंद्रावरून आल्यावर बघू" म्हणून हसण्यावारी न्यायचा. पूर्वी लोक असं नुसतं बोलायचे. ह्या पठ्ठ्यानं ते खरं करून दाखवलं.

आता त्या अंधारात माणसं जगवायची तर वीज हवी. विवराच्या काठावर जवळजवळ बारमाही ऊन असतं, तिथं सौरपट्ट्या उभ्या केल्या. पण काठापासून तळापर्यंत दहा किलोमीटरची उतरण, घराएवढाले धोंडे आणि थंडी अशी की तारेचं वेष्टन बिस्किटासारखं मोडावं. तेव्हा शास्त्रज्ञांनी तारेचा नादच सोडला. काठावरच्या विजेतून निळ्या लेझरचा झोत करायचा, तो एका मोठ्या भिंगातून खाली सोडायचा, तळावरच्या पट्ट्यांवर नेमका पाडायचा आणि तिथं त्याची पुन्हा वीज करायची. तळावरच्या घराची ऊब त्यावर, श्वासाची हवा त्यावर, परत वर यायच्या गाडीची बॅटरी त्यावर. खालच्यांचं बोलणंसुद्धा त्यावरच चालायचं. तळावरचा एक आरसा तो उजेड थरथरवून माघारी पाठवायचा आणि काठावरचा कॅमेरा त्याच भिंगातून तो टिपायचा.

"म्हंजे सगळा संसार एका काचेवर," आण्णा म्हणाले होते.

आणि ती काच सुनेत्राची होती.

साधं भिंग म्हणजे चेंडूचा काप. काचेवर काच घासली की आपसूक चेंडूचाच गोलवा येतो, म्हणून शेकडो वर्षं भिंगं तशीच होत आली. पण त्या गोलव्यात एक खोट आहे. कडेनं शिरलेले किरण जरा जास्त वाकतात आणि अलीकडेच भेटतात. मधले पलीकडे जाऊन भेटतात. ठिपक्याऐवजी पसरट डाग मिळतो. दहा किलोमीटरवर असा डाग पडला तर निम्मा उजेड पट्ट्यांवर आणि निम्मा बर्फावर. त्यावर उपाय एकच: कडेकडे जाताना काचेचा गोलवा हळूहळू कमी करत न्यायचा. मग ते भिंग कुठल्याच चेंडूचं राहत नाही, पण सगळे किरण एकाच जागी येतात.

"कडंला घास वेगळा," आण्णांनी एका वाक्यात निकाल लावला होता. "एवढं शिकाय तुला परदेशात जावं लागलं?"

सुनेत्राचं खरं काम त्यापुढचं. उघडी काच प्रत्येक पृष्ठावरून शंभरातले चार हिस्से उजेड परत फेकते; खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं ते त्यामुळेच. एवढ्या जोरदार लेझरला हे परवडत नाही, परत फिरलेला उजेड लेझरचंच तोंड भाजतो. म्हणून निर्वात पेटीत काचेवर थरावर थर चढवायचे, एकेक थर प्रकाशाच्या लाटेहून पातळ. वरच्या थरावरून परतणारी लाट आणि खालच्यावरून परतणारी लाट एकमेकींना खोडतात आणि उजेड मुकाट्यानं आरपार जातो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कंपनीत सुनेत्रा ह्या लेपाची प्रमुख होती. त्या खोलीत जायच्या दिवशी ती पावडर लावायची नाही, केसांना तेल लावायची नाही, सकाळी आमटीला फोडणीसुद्धा घालायची नाही. आण्णा कुरकुरत बिनफोडणीची आमटी खायचे आणि बाहेर मात्र मुलीचं कौतुक सांगत फिरायचे.

ती काच घरी आली होती, फक्त एकदाच.

आदल्या वर्षीची खंडेनवमी. कंपनीला सुट्टी, आणि काच न्यायला गाडी येणार दसऱ्याच्या सकाळी. साहेबांच्या परवानगीनं सुनेत्रानं पेटी घरी आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली. काच प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, पिशवी एका डब्यात, डबा बाहेरच्या टणक पेटीत.

आण्णांनी पाट मांडला होता. खंडेनवमीला कोल्हापुरात हत्यार पुजत नाही असं घर सापडणं मुश्कील. शिंपी कात्री ठेवतो, वकील पेन ठेवतो, रिक्षा झेंडूत बुडते. आण्णांच्या पाटावर मापं घ्यायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, लेथच्या चकची किल्ली, आणि तरुणपणी हातानं घडवलेली एक इवलीशी ऐरण.

"तुझं हत्यार?" त्यांनी विचारलं.

"माझं मशीन कंपनीत आहे, आण्णा. तीन टनांचं."

"मशीन न्हाई म्हणत मी. कपाटात काय ठिवलंयास? त्याच्यावर तर माझं पोरगं जगणार हाय."

सुनेत्राला नाही म्हणवेना. पेटी उघडायची नाही, कुंकू लावायचं नाही, आरती लांबून, अशा अटी घालून तिनं पेटी स्वतःच्या हातानं पाटावर ठेवली. आण्णांनी पेटीसमोर पाटावरच कुंकवाचं बोट टेकवलं. आरती झाली तशी तिनं कापराचं तबक उचलून अंगणात नेलं. दुधानं तोंड पोळलेलं नसतानाच ती ताक फुंकून पीत होती, आणि आण्णा मिश्यांत हसत होते. मग ती प्रवासाची बॅग भरायला आत गेली.

इंद्रजितला तळाशी उतरून चौथा महिना लागला आणि वीज कमी पडू लागली.

सगळ्यांनी बोट दाखवलं ते धुळीकडे. चंद्रावरची धूळ मोठी चिवट, बसली की सोडत नाही. इंद्रजित अंतराळपोशाख चढवून बाहेर जायचा आणि पट्ट्या पुसायचा. वीज किंचित वाढल्यासारखी वाटायची, पुन्हा उतरायची. शेवटी त्यानंच वर सांगितलं, लेझरचा जोर वाढवा. जोर वाढवला, आठवडाभर बरं चाललं, आणि मग वीज पहिल्यापेक्षा झपाट्यानं घसरली. पुन्हा जोर वाढवला. आजारी माणसाला जे औषध बाधतंय तेच दुप्पट द्यावं तसा प्रकार झाला, पण ते करताना एकालाही शंका आली नाही.

पुण्याच्या नियंत्रण केंद्रात डॉक्टर कर्णिक ह्या झोताचे प्रमुख होते. त्यांनी सुनेत्राला बोलावून घेतलं आणि पडद्यावर दोन छायाचित्रं शेजारी शेजारी लावली. दोन्ही त्याच भिंगातून घेतलेली, तळावरच्या घराची. पहिल्यात घराच्या दाराचे बोल्टही मोजता येत होते. दुसऱ्यात घर धुक्यात बुडाल्यासारखं.

"चंद्रावर धुकं नसतं," कर्णिक म्हणाले.

सुनेत्रानं पडद्याजवळ जाऊन दोन्ही चित्रं ताडून पाहिली. "पट्ट्या ठीक आहेत, सर. काच तापतेय. तापून फुगली की तिचा आकार बदलतो, मग ती साध्या भिंगासारखी वागायला लागते. पसरट डाग."

"पण तुमचा लेप उजेड पितच नाही. कशानं तापेल?"

"लेप पीत नाही. लेपावर काहीतरी बसलंय."

ते काय असू शकतं हे तिनं सांगितलं आणि सांगता सांगता तिचाच आवाज उतरत गेला. निर्वात जागेत एखाद्या वासाच्या, उडून जाणाऱ्या पदार्थाचा अंश राहिला तर तो थंड काचेवर येऊन बसतो. इतका पातळ की दिसत नाही. पण त्यावर लेझर पडला की त्याचे रेणू तुटतात आणि काजळी धरते. काजळी उजेड पिते, तापते, आणखी काजळी ओढते. पृथ्वीवर हे सहसा होत नाही. हवेतला ऑक्सिजन ती काजळी धरायच्या आत जाळून टाकतो. कंपनीतली निर्वात चाचणी काच पिशवीत घालण्याआधी झाली होती आणि काच तेव्हा निर्मळ होती.

"म्हणजे आपण जितका उजेड सोडू..." कर्णिक थांबले.

"तितकी ती काळी होणार. जोर वाढवला तेव्हा आपणच ती काळी केली."

"आणि उजेड बंद केला तर खाली तिघं गोठणार."

पुसायची सोय नव्हती. काठावर माणूस नव्हता. एक यांत्रिक हात होता, पण काच बंद नळीच्या आत. दुसरी काच पृथ्वीवर. ती घेऊन जाणारं यान लवकरात लवकर दोन महिन्यांनी निघणार, आणि झोत अगदी बारीक ठेवला तरी काच तेवढे दिवस टिकणार नव्हती. परतीचं यान उभं होतं काठावर. तळावरच्या तिघांनी, म्हणजे इंद्रजित, एक जपानी डॉक्टर बाई आणि केरळचा मेकॅनिक, गाडीत बसून चढायचा प्रयत्न करून पाहिला. निम्म्या वाटेवरच्या उभ्या चढापाशी बॅटरी संपत आली. गाडी तिथंच मेली असती तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं, म्हणून ते मागं फिरले. सुनेत्रानं आकडे उलटेपालटे करून पाहिले. एकच पूर्ण जोराचा झोत सोडून बॅटरी भरता येईल का, हेही पाहिलं. एवढ्या जोरात तापलेली काच बॅटरी निम्मी भरायच्या आतच तडकली असती. उत्तर हरएक वाटेनं तेच येत होतं.

"हा पदार्थ आला कुठून?" कर्णिकांनी विचारलं. "आता उपयोग नाही, पण मला उत्तर द्यावं लागेल. तुम्हालाही."

ती दुपारी कोल्हापूरला परतली तेव्हा आण्णा पेठेत गेले होते. रस्ताभर ती एकच दिवस आठवत आली होती. तो तबकातला धूर? पण पेटी बंद होती, तबक लांब होतं, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यानं काच बाटणार नाही. ती स्वतःची समजूत घालत होती आणि समजूत पटतही होती.

मग तिला पेटी दिसली.

काच यानात बसवल्यावर बाहेरची रिकामी पेटी कंपनीनं तिला आठवण म्हणून दिली होती. आतला मऊ फोम इतका सुबक कापलेला की आण्णांनी ती लगेच ताब्यात घेऊन त्यात आपले मायक्रोमीटर ठेवले होते. सुनेत्रानं झाकण उघडलं. देवळाच्या गाभाऱ्यासारखा वास आला. झाकणाला कागदपत्रं ठेवायचा एक कप्पा होता. त्यात पांढऱ्या मलमलीची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत झिजून चपट्या झालेल्या कापराच्या वड्या.

आण्णा आले तोवर ती तशीच जमिनीवर बसून होती.

"हा कापूर तुम्ही घातलात?" तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"व्हय." आण्णांनी चपला काढल्या. "मायक्रोमीटर ठिवले तवा हुताच त्यात. मीच घातलेला न्हवं का, खंडेनवमीला. तू आत कापडं भरत हुतीस. पेटी उघडायची न्हाई म्हणालीस, म्हणून भायलंच झाकण तेवढं जरा वर केलं. आतल्या डब्याला हात लावला न्हाई बघ."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? कापूर असला की गंज चढत न्हाई, बुरशी धरत न्हाई. माझ्या मायक्रोमीटरला चाळीस वर्सांत एक डाग हाय का बघ. कुठल्या कुठं जाणार हुती तुझी काच, दमट हवेतनं, समुद्राकाठी. म्हटलं, पोराची काच हाय, जपाय पायजे." ते अभिमानानं हसले. "का गं? काय झालं?"

उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराची पेटी उघडा, कोपऱ्यात कापराची वडी सापडेल. त्यात चूक काहीच नाही, लोखंडाला कापूर मानवतो. पण प्लॅस्टिकची पिशवी कापराला अडवू शकत नाही; त्याची वाफ तिच्यातून सावकाश आत झिरपते. काच बसवायच्या आधी ती पेटी समुद्राकाठच्या गोदामात कितीतरी आठवडे पडून होती. काचेभोवती मऊ रबराचं कडं होतं, ते सगळा वेळ कापूर पीत राहिलं. चंद्रावर पोचल्यावर, हवा नाहीशी झाल्यावर, ते प्यालेलं सगळं सोडू लागलं. आण्णांनी लेकराच्या जिवावर उठून नव्हे, लेकराच्या काळजीनं त्याच्या नरड्याला हात घातला होता. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिनं पुरचुंडी मुठीत घेतली.

"काही नाही, आण्णा," ती म्हणाली. "सहज विचारलं."

तिनं पुरचुंडी नेऊन नाल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी आण्णांनी पेटीत नवी घातली.

कर्णिकांना तिनं त्याच आठवड्यात सांगितलं. तयारी करून गेली होती. काजळीच्या रंगावरून पदार्थ कापराच्या जातीचा आहे असा त्यांचा अंदाज होताच, तेव्हा तिला कापूर असलेलीच एखादी वस्तू शोधावी लागली. "काच पिशवीत घातली त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. मी कपाळाला बाम लावला होता. तशीच आत गेले."

कर्णिकांनी लिहिता लिहिता मान वर केली. लेपाच्या दिवशी आमटीला फोडणी न घालणारी ही बाई, ही गोष्ट केंद्रातसुद्धा थट्टेचा विषय होती. "तुम्ही? बाम लावून?"

"हो."

"सुनेत्राबाई, पुन्हा एकदा विचार करा. हे जगभर छापून येणार आहे."

"मी विचार केलाय, सर."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना पटलं होतं की त्यांनी पटवून घेतलं, हे तिला कळलं नाही, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. तिच्यापुढे आता एकच गोष्ट उरली होती. भावाला ती वाचवू शकत नव्हती. बापाला मात्र, आपण स्वतःच्या हातानं पोरगा मारला, हे कळू न देणं तिच्या हातात होतं. तेवढं तरी ती करणार होती.

घरच्यांशी बोलायला प्रत्येकाला अगदी थोडका वेळ दिला होता, कारण बोलायलाही झोत लागायचा आणि झोत म्हणजे काजळी. चित्र केव्हाच बंद केलेलं, आवाज तेवढा. पुण्याच्या केंद्रात एका लहान खोलीत आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी नीट करून बसले, जणू समोरून पोरगा बघणार होता. सुनेत्रा शेजारी. बोललेलं तळाशी पोचून उत्तर यायला तीन-एक सेकंद लागत, आणि त्या प्रत्येक तीन सेकंदांत आण्णा टोपी पुन्हा सारखी करत होते.

"जेवलास का रं?" आण्णांनी विचारलं.

"जेवलो की, आण्णा." आवाज पातळ, खरखरीत, पण त्याचाच. "हितं थंडी लई हाय. तिघं एकाच खोलीत ऱ्हातोय आता. तुमची गुडघेदुखी?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीया? तू अंगावर घेत जा नीट."

"घेतोय." मग थोडं थांबून, "आक्का हाय का?"

"आहे रे, इंदू."

"आक्का, एक विचारतो. खरं सांग. खोटं सांगू नकोस, तुला माझी आण." पुन्हा खरखर. "कशानं झालं? जोर वाढवा म्हणून मीच सांगितलं. वर म्हणत्यात त्यानंच काच गेली. हे दोघं मला काय बोलत न्हाईत, पण रात न् दिवस माझ्या डोक्यात तेच. ह्या दोघांना मी मारलं का, आक्का?"

सुनेत्रानं हे धरलं नव्हतं. तिनं वर्तमानपत्रांची तयारी केली होती, चौकशीची केली होती. आपला भाऊ त्या अंधारात स्वतःला खुनी ठरवून बसला असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि आण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तिनं अजून काहीच सांगितलं नव्हतं. काचेत बिघाड झाला एवढंच त्यांना ठाऊक.

"तुझ्यामुळं नाही," ती म्हणाली. "तू जोर वाढवला नसतास तरी काच जाणारच होती. माझ्यामुळं झालं. काच बांधायच्या दिवशी मी बाम लावून आत गेले. त्याचा अंश काचेवर बसला. तेच जळतंय."

तीन सेकंद. चार. आण्णांची मान तिच्याकडे वळली होती, ती तशीच राहिली.

"तू?" खालून आवाज आला. "छ्या. तू न्हाई करणार. तू नखं कापून जात हुतीस, आक्का. तू माझी समजूत घालत्येस."

"समजूत नाही."

"खोटं बोलत्येस. मला वाटू ने म्हणून."

खोलीच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारा दिवा पिवळा झाला. आता थोडकाच वेळ उरला होता, आणि तो सुनेत्रानं भावाला मायेचा एक शब्द बोलण्यात घालवला नाही. तो तिनं स्वतःचा गुन्हा त्याच्या गळी उतरवण्यात घालवला. "इंदू, ऐक. माझं डोकं फुटत होतं. काम लांबवलं असतं तर साहेब चिडले असते. मला वाटलं एवढ्यानं काय होतंय. मला माहीत होतं असं जायचं नसतं आणि तरी गेले. आळस केला मी. तुझी आण घेऊन सांगते."

त्याची आण घेताना तिचा आवाज जराही कापला नाही, आणि ह्याचीच तिला पुढं कितीतरी दिवस भीती वाटत राहिली.

खालून आला तो आवाज जरा मोकळा होता, ओझं उतरलेल्या माणसाचा. आणि गारही होता.

"बरं," इंद्रजित म्हणाला. "आण्णांना दे."

तिच्याशी तो बोलला ते एवढंच शेवटचं. आण्णांनी त्याला विचारलं, झोप लागती का. तो म्हणाला, लागती. आण्णा म्हणाले, अंबाबाईला रोज जातोय मी. तो म्हणाला, जावा. आणि दिवा लाल झाला.

गाडीत आण्णा मागच्या सीटवर बसले. कराड मागं पडलं. पुढं कधीतरी, खिडकीबाहेर बघतच, म्हणाले, "चाळीस वर्सं काम केलं. एकदा ताप हुता, अंग फणफणत हुतं. हात कापत हुता म्हणून मी लेथ चालू केला न्हाई, पगार कापून घेतला. दुसऱ्याच्या बोटाचा सवाल हुता." थोड्या वेळानं, "आन् तू डोस्कं दुखतंय म्हणून..."

सुनेत्रानं गाडी चालवत ठेवली.

काच आणखी थोडे दिवस पुरली. मग एक दिवस काठावरचा लेझर चालू होता आणि खालून काहीच परत आलं नाही. कर्णिकांनी स्वतः फोन करून सांगितलं. आण्णांनी तो ऐकून घेतला, "बरं साहेब" म्हणाले आणि देवघरात जाऊन बसले.

सुनेत्राची नोकरी गेली, ते अपेक्षितच होतं. वर्तमानपत्रांनी तिला 'बामवाली' केलं. विनोद झाले, नकला झाल्या. कुणीतरी दारावर बामाची रिकामी डबी खिळ्यानं ठोकून ठेवली. आण्णांनी ती काढून फेकली, पण तिच्यासाठी नव्हे, दारासाठी. तिला तो फरक कळत होता. ती दोघं एकाच घरात राहत होती, ती स्वयंपाक करत होती आणि ते जेवत होते. ते नीट जेवायचे. पोरगा गेल्याच्या दुःखानं वाळले, पण मोडले नाहीत. रोज अंबाबाईला जात, पेठेत चार माणसांत बसत, आणि माणसं त्यांना खाली मान घालून नमस्कार करत. सुनेत्रा त्यांना झोपलेलं बघायची आणि मनाशी म्हणायची, हेच तर हवं होतं. हेच हवं होतं मला.

कधीकधी मात्र तिला त्यांचा संताप यायचा. इतका, की हातातली पळी भिंतीवर मारावी. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि ते तिच्याकडे पुन्हा बघतील, तिचा हात धरतील, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतील. पण त्यानंतर ते उठणार नाहीत हेही तिला माहीत होतं.

समोरच्या घरात नांदेडकडचं एक नवं कुटुंब राहायला आलं. त्यातल्या बाई ओळख करून घ्यायला आल्या. मोठ्या बोलक्या, आणि त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. सुनेत्रा चहा ठेवायला आत गेली.

"आण्णा, तुम्हाला लेकरं किती?" बाईंनी विचारलं.

"एक हुता," आण्णा म्हणाले. "मोठा इंजिनिअर हुता."

"आगं बाई. अन् ह्या ताई?"

चहा उकळून वर आला होता. सुनेत्रानं गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिली.

"ती व्हय," आण्णा म्हणाले. "ती हितं ऱ्हाती."

तिनं चहा गाळला. बाईंच्या कपात साखर घातली, आण्णांच्या कपात निम्मीच. मग पदरानं तोंड पुसून ती बाहेर गेली आणि दोघांना चहा दिला.